वाड्याचे खण आणि ताटीचं दार

आळंदीतलं सगळ्यात प्रसिद्ध दार कोणतं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. ज्ञानेश्वरांनी आतून लावून घेतलेलं आणि मुक्ताबाईंनी उघडायला लावलेलं. 'ताटीचे अभंग' त्या दाराबाहेर उभं राहून म्हटलेले. पण ताटी म्हणजे काय हो? कामट्या-काटक्यांचा विणलेला झापा. सागवान नाही, पितळी फुल्या नाहीत, वर गणेशपट्टी नाही. आणि सगळ्यात प्रसिद्ध भिंत? चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा ही चार भावंडं ज्या भिंतीवर बसून सामोरी गेली म्हणतात ती. म्हणजे सातशे वर्षं आमच्या गावाला पुरलेलं घर बघायला गेलं तर एक भिंत आणि एक झापा, एवढंच आहे!

हे आत्ता आठवायचं कारण घरच्या मंडळींना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या माहेरचा आळंदीतला वाडा आता राहण्याजोगा उरलेला नाही. मागची बाजू दोन पावसाळ्यांपूर्वी बसली. तसा तो फार मोठा कधीच नव्हता, एकच चौक. पण दिवाणखान्याचे आठ खांब, त्यांच्यामधल्या महिरपी आणि पुढचा दरवाजा अजून ठणठणीत आहे. एका सजावटकाराला नेमकं तेवढंच हवंय. वाडा नको, जागा नको, खांब आणि दार द्या! ते कुणाच्या तरी फार्महाऊसवर जाणार. भाव चांगला आहे. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचाही बरोबरीचा हक्क आहे, त्यामुळे कागदावर माझीही सही लागणार. म्हणून हा सगळा विचार.

वाडा लोकांना इतका का आवडतो? आलेला पाहुणा आधी म्हणतो, "किती गार वाटतं हो इथे!" त्यात जादू काही नाही. जाडजूड भिंती ऊन आत पोचू देत नाहीत आणि चौक तापलेली हवा वर सोडून देतो. उजेड येतो तोही वरून, चौकातून, म्हणून डोळ्यांवर येत नाही. रस्त्याकडे वाड्याची नुसती पाठ असते. देवडी ओलांडली की आवाज बंद. आमच्या इथे कार्तिकी एकादशीला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा ही पाठ किती कामाची होती ते कळायचं.

पण खरी गंमत खणात आहे. चोळीचा नव्हे, घराचा खण. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि जुनी माणसं घर मोजायची ती खणांत. पाच खणी सोपा, सात खणी माडी. तुळईचं लाकूड जेवढं लांब मिळेल त्यावर खणाचं माप ठरायचं. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, वर कडीपाट. घराचा भार या सांगाड्यावर, भिंती नुसत्या भरीला. म्हणून भिंत पडली तरी सांगाडा उभा राहतो (आमच्याकडे हेच झालंय). आणि खणांना नेमून दिलेलं काम नसायचं. त्याच खणात सकाळी पोथी, दुपारी पत्रावळी लावणं, रात्री दहा अंथरुणं. आजच्या फ्लॅटमध्ये पलंग एकदा ठेवला की ती बेडरूम, मेल्यावरही बेडरूमच. वाड्यात सामानच नव्हतं म्हटलं तरी चालेल. लोड, तक्के, सतरंज्या, पाट. गुंडाळा आणि ठेवा कोनाड्यात.

मग ती हंड्या-झुंबरांची श्रीमंती? ती होतीच, पण थोड्यांकडे आणि थोड्याच खोल्यांत. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची, आणि खर्चाचा आकडा १६,११० रुपये सांगतात. पुढे त्यात कितीतरी भर पडत गेली आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम सगळं गेलं. आज आपण बघतो ते दगडी जोतं, तट आणि दरवाजा. पेशवाई लाकूडकाम कसं होतं याची कल्पना यायला विश्रामबागवाड्याचं दर्शनी तोंड बघावं. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे खांब, वर महिरपी, केळफुलं. त्याचाही एक भाग १८७९ मध्ये जळाला. लाकडाचा वाडा म्हणजे आगीशी सोयरीकच.

आणि आपण ज्याला 'जुनं' म्हणून जीव लावतो ते तरी किती जुनं? लालभडक मंगलोरी कौलं बघून आपल्याला पेशवाई आठवते. पण बासेल मिशनचा मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना १८६५ चा! म्हणजे पेशवाई बुडून सत्तेचाळीस वर्षं झाल्यावरचा. शहाबादी फरशी रेल्वेबरोबर आमच्याकडे पोचली, त्याआधी सारवलेली जमीन. दिवाणखान्यातली लक्ष्मी-सरस्वती म्हणजे रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या तसबिरी. तो १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तेव्हाचा अगदी नवा, कारखान्यातला माल तो. आमच्या पणजोबांनी हौसेने आणला असणार आणि त्यांच्या आईने नाकं मुरडली असणार. आज त्याच तसबिरी पुण्याच्या जुन्या बाजारात 'अँटिक' म्हणून भाव खातात. तेव्हा वाडा म्हणजे गोठवलेली शोभा नव्हे. तीनचार पिढ्यांच्या फॅशनी एकावर एक बसलेल्या असतात.

आता दुसरी बाजू. फोटो काढतात ते दिवाणखान्याचे. माजघराचा फोटो पाहिलाय कुणी? निघायचाच नाही, कारण उजेड नाही. खिडकी असली तर वितभर. आमच्या माजघराच्या आत बाळंतिणीची खोली होती, तिथे भर दुपारी चिमणी लावावी लागायची. आत्या सांगतात, लग्न होईपर्यंत दिवाणखान्यात त्या फक्त केर काढायला गेल्या. कोण देवडीत थांबणार, कोण ओसरीवर बसणार, कुणाला माजघरापर्यंत येता येणार आणि कुणी चौकटीबाहेरूनच बोलायचं, हे सगळं उंबरठ्यांवर लिहिलेलं होतं. जात, बाईपण, नातं, सगळं. वाड्याचा नकाशा म्हणजे त्या समाजाचा नकाशा होता. तो किती सुंदर होता म्हणून उसासे टाकताना हे विसरून चालत नाही, निदान बाईला तरी नाही.

हा उंबरठा किती खोल रुतलेला होता ते १८९७ साली दिसलं. प्लेगची साथ, पुण्यात रँडचा अंमल. सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधायचे, सामान बाहेर फेकायचे, जाळायचे. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांविषयी डॉक्टरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण बूट घालून परकी माणसं माजघरात आणि देवघरात गेली, ते लोकांना साथीइतकंच लागलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचे. चिंचवडगावात त्यांचा वाडा स्मारक म्हणून उभा आहे, आमच्यापासून तासाभराच्या आत. इकडे उत्तरेला राजगुरुनगरला भीमेकाठी हुतात्मा राजगुरूंचा जन्मवाडा. त्या वाड्यात गेलं की मी नक्षी बघत नाही, उंबरठे बघते. सवय लागली आहे.

आळंदीतच उंबरठ्याची सगळ्यात मोठी गोष्ट घडली हेही आहेच म्हणा. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून कुटुंब वाळीत पडलं. रुक्मिणीबाईंचं माहेर इथलं, सिधोपंत कुलकर्ण्यांचं घर. गावात आजोळ असून भावंडांना गावाबाहेर सिद्धबेटावर राहावं लागलं, असं परंपरा सांगते. ताटी कुठून आली ते आता कळतं. वाळीत टाकलेल्याला सागवानी दार कोण देणार?

आणि तरी आषाढीला माउलींची पालखी आळंदीतून निघते तेव्हा पहिला मुक्काम आजोळघरीच. ती जागा म्हणजे गांधीवाडा. तिथे आता मोठा दर्शनमंडप आहे, सिमेंटचा. सिधोपंतांच्या घराचा एक वासा उरलेला नाही, तरी मुक्काम चुकत नाही. पुण्याची वाट धरायच्या आधी पहिली रात्र आईच्या माहेरी. मला हे दरवर्षी नव्याने लागतं, आणि यंदा जरा जास्तच.

वाडे गेले ते काही लोकांना आवड नव्हती म्हणून नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मग दोन-पाच रुपये भाड्यात मालक कौलं तरी कशी चाळणार? पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे वाहून गेले. आमच्याकडे पूर नाही, भाडं नाही. आमच्याकडे वाटण्या झाल्या. एका वाड्याला नऊ सह्या लागायला लागल्या की त्याचं छप्पर गळणारच. इंग्लंडमध्येही मोठमोठ्या हवेल्या वारसाकरापायी पाडल्या गेल्या. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने अशा पाडलेल्या घरांचंच प्रदर्शन भरवलं होतं. आमच्या गल्लीतले दोन वाडे मंगल कार्यालयं झाले (आळंदीची लग्नं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत), एकात कीर्तन शिकायला आलेली मुलं खोल्या घेऊन राहतात. जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हापासूनची ती रीत. मला त्या मुलांचा वाडा सगळ्यात जिवंत वाटतो. दोरीवर धोतरं, चौकात पखवाज आणि कोनाड्यात मोबाईल चार्जिंगला. खण कशालाही कामी येतो तो असा.

तिकडे चाकणला कारखाने आले, जमिनींना भाव आला आणि बंगले उभे राहिले. आधी रोमन खांबांचे, आता 'वाडा स्टाईल'चे. मी नावं ठेवत नाही. ज्यांच्या आजीला देवडीच्या आत कुणी घेतलं नव्हतं, त्यांनी स्वतःच्या दिवाणखान्यात महिरप लावली तर त्यात मला न्यायच दिसतो. फक्त ती महिरप नवीन सुताराकडून करून घ्यावी. सुतार आहेत अजून. जुना दरवाजा आडवा करून, वर काच टाकून केलेलं जेवणाचं टेबल मी एका ओळखीच्या घरी पाहिलं. अडसराच्या भोकात मिठाची बाटली ठेवली होती. सुबक दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पण दार होतं ते, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारं.

पुण्याला दिनकर केळकरांनी संग्रहालय केलं ते मला म्हणूनच मानवतं. त्यांनी दरवाजे जमवले तसे अडकित्ते, दिवे, किसण्या, शेवगेसुद्धा जमवले. माजघराला त्यांनी दिवाणखान्याच्या बरोबरीला बसवलं.

तर माझं म्हणणं असं. अख्खा वाडा पाडून तिथे इमारत होणार असेल आणि काकांच्या आजारपणाला त्या पैशाची गरज असेल, तर मी आजच्या आज सही करते. मुलांना दोन-दोन खोल्या मिळतील, खिडक्या असलेल्या. पण खांब वेगळे, दार वेगळं, असं सोलून विकायला मी सही देणार नाही. सांगाडा जायचा तर खणासकट, एकाच ठिकाणी, उभा राहील असा जावा. घेणारा मिळेपर्यंत थांबू. पावसाळ्याआधी ताडपत्रीचा खर्च मी करते.

आणि काहीही ठरो, आधी मापं घ्यायची आहेत. दादा, येताना पन्नास फुटी टेप आण. चौक तू आणि वहिनी मोजा. माजघर मी आत्यांबरोबर मोजेन, कुठल्या कोनाड्यात काय असायचं ते त्यांनाच माहीत आहे. फक्त सकाळीच करू, अकरानंतर त्या दमतात आणि मग सगळे कोनाडे त्यांना लोणच्याचेच वाटायला लागतात.