चित्रपट व छायाचित्रणाची पदवी : खर्च किती, संधी किती?

बारावीचा निकाल लागला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक घरांत हा विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला कॅमेरा हाती घ्यायचा असतो आणि पालकांसमोर शुल्काचा आकडा असतो. अभियांत्रिकी किंवा फार्मसीची पायवाट परिचित आहे, ही वाट तशी नाही. म्हणून निर्णयापूर्वी शिक्षण, खर्च आणि रोजगार यांचा स्वतंत्र विचार करणे हिताचे ठरते.

शिक्षण कोठे?

या क्षेत्रातील देशातील अग्रगण्य संस्था पुण्यातच आहे. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या आजच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियात (एफटीआयआय) दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनिमुद्रण आदी शाखांचे शिक्षण मिळते. मात्र बारावीनंतर लगेच तेथील या मुख्य अभ्यासक्रमांना प्रवेश मिळत नाही. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी आणि प्रवेश परीक्षा आवश्यक असते. जागा मोजक्या आणि स्पर्धा देशव्यापी असते. संस्थेला २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे.

बारावीनंतर पदवी हवी असल्यास मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालयाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात छायाचित्रण हा विशेष विषय घेता येतो. पुण्यात भारती विद्यापीठाच्या स्कूल ऑफ फोटोग्राफीत या कलेचे स्वतंत्र शिक्षण मिळते. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर येथील एमआयटी-एडीटी विद्यापीठ आणि गोरेगावच्या चित्रनगरीतील व्हिसलिंग वूड्स या खासगी संस्थांतही चित्रपटविषयक अभ्यासक्रम आहेत. शासकीय व खासगी संस्थांच्या शुल्कात कित्येक पटींचा फरक पडतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

खर्चाचा खरा हिशेब

माहितीपत्रकातील शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. पुण्या-मुंबईतील निवास व भोजन, कॅमेरा, लेन्स, संकलनासाठी सक्षम संगणक आणि विद्यार्थी-लघुपटांचा खर्च हे सारे त्यात मिळवावे लागते. लघुपटाचा खर्च संस्था करते की विद्यार्थ्याने करायचा, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारावे.

शैक्षणिक कर्जाचे एक उदाहरण पाहू. समजा, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी दोन लाख, असे सहा लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेतले. परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते, पण त्या काळातही व्याज चढतच असते. सरळव्याजाने ते १ लाख ८० हजार होते आणि देणे ७ लाख ८० हजारांवर जाते. सात वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे १२,९५० रुपये पडतो आणि एकूण परतफेड पावणेअकरा लाखांच्या पुढे जाते.

ऊस उत्पादक कुटुंबांनी येथे विशेष सावध राहावे. आडसाली उसाचे पैसे दीड वर्षाने आणि तेही हप्त्याहप्त्याने हाती येतात, बँकेचा हप्ता मात्र दरमहा द्यावा लागतो. तो कोणत्या उत्पन्नातून भरायचा, हे आधी ठरवावे. शासकीय शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर तो अभ्यासक्रम त्यासाठी मान्यताप्राप्त आहे की नाही, याची महाडीबीटी संकेतस्थळावर खातरजमा करावी.

रोजगाराचे स्वरूप

या व्यवसायात पदवी पाहून नोकरी मिळण्याचे प्रमाण कमी आहे. केलेले काम आणि ओळखी यांवरच पुढील काम मिळते. प्रारंभीची काही वर्षे साहाय्यक म्हणून, प्रकल्पागणिक मानधनावर काढावी लागतात आणि दोन कामांमध्ये रिकामे महिने येतात. दिग्दर्शनाच्या तुलनेत संकलन, ध्वनी आणि रंगसंस्करण या तांत्रिक शाखांत काम नियमित मिळण्याची शक्यता अधिक असते. वृत्तवाहिन्या, जाहिरात संस्था, ओटीटी मालिका आणि उद्योगांचे माहितीपट हीदेखील कार्यक्षेत्रे आहेत.

गावाकडेही काम आहे. लग्नसराई, बारामती औद्योगिक वसाहतीतील उत्पादनांचे चित्रण, कृषी प्रदर्शने आणि शेतीविषयक चित्रफिती यांना मागणी असते. इंदापूर तालुक्यातील भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांच्या छायाचित्रणासाठी दूरवरून हौशी मंडळी येतात आणि स्थानिक मच्छीमारांच्या होड्यांना त्यातून रोजगार मिळतो. मात्र अशा कामासाठी महागडी पदवी अनिवार्य नाही.

जेऊरचे उदाहरण

उजनीच्या पलीकडे, करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतले. तेथे शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ मध्ये ‘फँड्री’ आणि २०१६ मध्ये ‘सैराट’ आला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातूनही मार्ग निघू शकतो, एवढाच याचा अर्थ. एका यशावरून सर्वांचे भवितव्य ठरवू नये.

निर्णयापूर्वी

मुलाने आधी एक वर्ष जवळच्या छायाचित्रकाराकडे उमेदवारी करावी किंवा एफटीआयआयचा एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करून पाहावा. वापरलेल्या कॅमेऱ्यावर पाच मिनिटांचा लघुपट पूर्ण करावा. संस्थेला भेट देऊन तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात, हे त्यांच्याकडूनच जाणून घ्यावे. बारामती किंवा इंदापुरातच नियमित पदवी घेत हात तयार करणे आणि नंतर एफटीआयआयची परीक्षा देणे, हा कमी खर्चाचा पर्याय आहे. त्यात अपयश आले तरी हाती पदवी राहते आणि जमीन गहाण पडत नाही.

वर्षभराच्या उमेदवारीनंतरही ओढ टिकली, तर कर्जाचा विचार जरूर करावा.