क्लच, मुलतानी माती आणि विंचूरची कांद्याची चाळ

मुलतानी माती कशासाठी वापरतात? चेहऱ्याला लावायला, हे उत्तर बरोबरच आहे. पण शंभरएक वर्षांपूर्वी ती गाडीच्या क्लचलाही लावायचे! त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत क्लच म्हणजे चामडं मढवलेला एक शंकू असायचा. फ्लायव्हीलला त्याच उताराचा खळगा असायचा. शंकू खळग्यात जाऊन घट्ट बसला की गाडी हलायची. चामडं सुकलं की क्लच धाडकन पकडायचा, म्हणून त्याला तेल पाजायचं. तेल जास्त झालं की तो घसरायचा, म्हणून वरून मुलतानी मातीची चिमूट. आणि हे सगळं भर रस्त्यात, मालकानं नाहीतर त्याच्या शोफरनं, बाह्या सरसावून.

तर मंडळी, ह्या वीकएंडचा विषय आहे क्लच. मी आठवडाभर पुण्यात जावा कोड लिहितो आणि जमेल तेव्हा एक जुनी मारुती आठशे घेऊन मातीतल्या ऑटोक्रॉसला जातो. घर विंचूरचं. (हो, विंचूरकर सरदारांचं विंचूर. पुण्यात ज्यांच्या वाड्यात टिळक राहत होते तेच विंचूरकर.) गाव नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्यावर, लासलगाव शेजारीच, आजूबाजूला द्राक्षं आणि कांदा. अशा गावात घरच्या घरी क्लच बदलता येतो ह्याचं माझ्या टीममधल्या पोरांना फार आश्चर्य वाटतं. मला आश्चर्य वाटतं ते त्यांच्या आश्चर्याचं. कारण इतिहास बघितला तर मोटर स्पोर्ट हा घरीच गाडी खोलणाऱ्यांचा खेळ होता, आणि आपल्या देशात तर तो तसा असल्यामुळेच जगला.

आधी थोडी थिअरी. इंजिन शून्य वेगाला चालू राहू शकत नाही आणि चाकांना सुरुवात शून्यापासूनच करावी लागते. म्हणजे दोन मोड्यूल्स, दोघांचं कधीच एकमत नाही, आणि मध्ये एक बिचारा लेयर जो दोघांची भांडणं अंगावर घेतो. घेतो म्हणजे काय, स्वतः घासून गरम होतो. गणित सोपं आहे. माणसं धरून आठशे किलोची गाडी क्लच घसरवत ताशी २० किलोमीटरला नेली तर क्लचमध्ये ढोबळमानानं १२ किलोज्यूल उष्णता तयार होते. तीन लिटर पाणी एक अंशानं तापेल एवढी, म्हणजे काहीच नाही. पण ही उष्णता वेगाच्या वर्गानं वाढते. स्पर्धेत झेंडा पडल्यावर कोणी क्लच ताशी ४० पर्यंत घसरवत नेला तर चौपट, आणि ती सगळी एका पातळ तबकडीच्या पृष्ठभागावर, दोन-तीन सेकंदांत. मग तो वास येतो. ज्यानं घाटात ट्रकमागे हाफ क्लचवर गाडी रेटलीये त्याला वेगळं सांगायला नको.

हा लेयर आज जिथे असतो तिथे बसवण्याचं श्रेय जातं एमिल लव्हासोर ह्या फ्रेंच इंजिनिअरला. १८९१ च्या सुमारास पॅनहार्ड कंपनीत त्यानं इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाकं अशी मांडणी केली. पुढची कित्येक दशकं जगानं तीच कॉपी-पेस्ट केली. हाच गडी १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत जवळजवळ सगळं अंतर स्वतः गाडी हाकत ४८ तास ४८ मिनिटांत पहिला पोचला. बक्षीस मात्र मिळालं नाही, कारण नियमानं गाडी चार सीटची हवी होती आणि ह्याची होती दोनची! ज्यानं गाडी बनवली त्यानंच ती शर्यतीत चालवली. सुरुवात ही अशी होती.

चामड्यानंतर आलं अ‍ॅस्बेस्टॉस. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं गाडीवानांना लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचे तळवे ठोकताना पाहिलं आणि त्याला घर्षणाच्या धंद्याची कल्पना सुचली असं सांगतात. १८९७ मध्ये त्यानं काम सुरू केलं, पुढे त्यातूनच फेरोडो हा ब्रँड झाला आणि १९०८ पासून त्याच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आलं. न जळणारं, स्वस्त, टिकाऊ. ह्या गुणी बाळाकडे परत येऊच.

आपल्याकडे १९०४ च्या डिसेंबरमध्ये दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी स्पर्धा झाली होती, पण तो साहेबांचा आणि संस्थानिकांचा खेळ. खरी गंमत स्वातंत्र्यानंतरची. आयात जवळजवळ बंद. मिळणार काय, तर अँबेसेडर, हेराल्ड, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यात बनणारी फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी. मद्रासजवळ शोलावरमच्या महायुद्धातल्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती झाल्या, त्यात घरी खोलून घरीच जोडलेल्या अशा गाड्या धावल्या. फॅक्टरी टीम नाही, सुट्या भागांची बोंब, म्हणून लेथवर पार्ट बनवायचे. जी गाडी लग्नाला न्यायची तीच शर्यतीला.

मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी तिचंच इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती नावाच्या एकसीटी रेसगाड्या बनवल्या. नारायण कार्तिकेयनही सुरुवातीला त्याच चालवत होता. रॅलीत जिप्सीचं राज्य. हरी सिंग म्हटलं की जिप्सी, इतकं समीकरण. नाशिकमध्ये हा किडा जोरात पसरला, राष्ट्रीय रॅली मालिकेची रॅली ऑफ महाराष्ट्र इथे व्हायची. त्यामागे काय असावं ह्यावर माझं एक मत आहे. ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना, सातपूरला मायको (२००८ पासून बॉश) आणि महिंद्रा. ज्या जिल्ह्यात प्रत्येकाचा एक तरी काका टूलरूममध्ये असतो तिथे गाडी खोलायची भीती कमीच असणार.

आणि ग्रामीण भागात तर ट्रॅक्टर! ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लचचं हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडले की तोच त्याचा कणा. त्यामुळे क्लच बदलायचा तर ट्रॅक्टरचे सरळ दोन तुकडे करावे लागतात. मागचा भाग घोडीवर ठेवायचा आणि इंजिनाकडचा भाग चाकांवर पुढे ओढायचा. बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लचही दोन, एक चाकांचा आणि दुसरा मागच्या पीटीओचा, ज्यावर द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर चालतो. आमच्या तात्यांच्या ट्रॅक्टरचे असे दोन तुकडे मी शाळेत असताना अंगणात पाहिलेत. त्यापुढे मारुती म्हणजे खेळणं.

आमच्या कांद्याच्या चाळीशेजारी लोखंडी गर्डर आहे, त्याला चेन पुली लावली की वर्कशॉप तयार. काम असं : बॅटरीची वायर काढा, गिअर ऑइल सोडा, केबल्स, स्टार्टर, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट काढा, इंजिनाला आधार द्या, गिअरबॉक्स सरळ रेषेत बाहेर ओढा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करायचे, एकदम नाही, नाहीतर प्लेट वाकते. फ्लायव्हीलवर निळे डाग म्हणजे पूर्वी खूप तापलंय. जुन्या क्लचमध्ये स्प्रिंगा आणि लिव्हर असायचे, त्यांची उंची सारखी लावणं म्हणजे डोक्याला ताप. डायफ्राम स्प्रिंग आल्यापासून ती कटकट संपली. उरली एकच खरी अडचण : नवी प्लेट बरोबर मध्यावर बसवणं. मी डमी शाफ्ट ऑनलाइन मागवणार होतो. गावातले ट्रॅक्टर मिस्त्री म्हणाले, "भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आहे ना भाऊ, त्यापेक्षा बरोबर माप कोण देणार?" दहा मिनिटांत बसली. मोठ्या रॅलीतले मेकॅनिक पाऊण तासाच्या सर्व्हिसमध्ये क्लच-गिअरबॉक्स उरकतात. आम्हाला दोघांना अख्खा रविवार लागला, त्यात दोनदा चहा आणि एकदा मटण.

आता ते गुणी बाळ. गिअरबॉक्स बाहेर आला की आत काळी भुकटी साचलेली दिसते, ती झिजलेली क्लचप्लेट असते. प्लेट जुन्या काळातली असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. ते फुप्फुसात गेले तर आजार दिसायला वीस-तीस किंवा त्याहून जास्त वर्षं लागतात. ब्रिटननं १९९९ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, युरोपीय संघात ती २००५ पासून पूर्ण लागू झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं, पण आयात काही थांबली नाही. तो निकाल कारखान्यातल्या कामगारांबद्दल होता. हायवेवरच्या गॅरेजात बेल हाउसिंगमध्ये कंप्रेसरची हवा मारणाऱ्या पोराच्या हजेरीपटावर कुठेच नोंद नसते.

आमच्या मिस्त्रींनी चाळीस वर्षं तेच केलंय. त्या रविवारीही हवेचा पाइप हातात घेतला होता. मी तो काढून घेतला आणि फवारणीचा हातपंप दिला, साबणाचं पाणी भरून. आधी भिजवायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला रुमाल बांधून ते तंतू अडत नाहीत, चांगला मास्कच लागतो. तो नसेल तर निदान पंप वापरा. विंचूरमध्ये तो घरोघरी असतो, पण द्राक्षाच्या औषधाचा नको, नवा घ्या. काही जास्त महाग नाही.