कुत्र्या-मांजरांतील ‘कुशिंग’ आणि त्यावरील औषधोपचार

आठ-नऊ वर्षांचा पाळीव कुत्रा एकाएकी भांडीच्या भांडी पाणी रिचवू लागतो. रात्री दोन-तीनदा दाराशी जाऊन उभा राहतो. कधी लिफ्टपर्यंत पोचण्याआधीच लघवी होऊन जाते. भूक वखवखल्यासारखी, पोट खाली लोंबलेले, पाठीवरचे केस विरळ, आणि बसल्या जागी धाप. अंधेरी-बोरिवलीच्या सदनिकांत ही लक्षणे सहसा वयाच्या खात्यावर टाकली जातात. धाप म्हणजे मुंबईचा उकाडा, केस गळणे म्हणजे पावसाळी बुरशी, अशी प्रत्येक लक्षणाची स्वतंत्र समजूत काढली जाते. ही सारी लक्षणे एकत्र दिसत असतील, तर मात्र मूत्रपिंडांजवळच्या दोन लहानशा ग्रंथींकडे लक्ष जायला हवे.

या अधिवृक्क किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी मध्यम आकाराच्या कुत्र्यात जेमतेम शेंगदाण्याएवढ्या असतात. ताणाच्या प्रसंगी शरीराला सावरणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक त्या तयार करतात. त्यांना हुकूम मिळतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून. कॉर्टिसोल सतत प्रमाणाबाहेर राहिले, की होणाऱ्या विकाराला अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांचे नाव मिळाले. मानवातील या विकाराविषयीचा त्यांचा गाजलेला प्रबंध १९३२ सालचा. कुत्र्यांतील आपोआप उद्भवणाऱ्या विकारात शंभरापैकी ८० ते ८५ जणांत दोष पिट्युटरीतील लहान गाठीचा असतो. उरलेल्यांत गाठ अ‍ॅड्रिनल ग्रंथीतच असते, आणि ती कर्करोगाची असण्याची शक्यता बरीच असते. डॅशहुंड, पूडल, बीगल, बॉक्सर या जातींत हा विकार अधिक आढळतो.

याखेरीज तिसराही एक प्रकार आहे आणि शहरी मालकांनी तो सर्वाधिक ध्यानात ठेवावा. तो ग्रंथीतून उपजत नाही, औषधांच्या डब्यातून येतो. दमट हवा, गोचिडी आणि अ‍ॅलर्जी यांमुळे खाजवून हैराण झालेल्या कुत्र्याला प्रेडनिसोलोनच्या गोळीने दोन दिवसांत आराम पडतो. मग खाज परतली की तीच जुनी चिठ्ठी दुकानात दाखवली जाते. कधी दीर्घकाळ काम करणारी स्टेरॉइड इंजेक्शने वारंवार टोचली जातात, तर कधी घरच्या माणसांसाठी आणलेले बीटामेथासोन वा क्लोबेटासोलचे मलम कुत्र्याला चोपडले जाते आणि तो ते चाटतो. काही महिन्यांनी दिसणारे रूप हुबेहूब कुशिंगचे. परंतु आत परिस्थिती नेमकी उलटी असते. बाहेरून आयते स्टेरॉइड मिळत राहिल्याने ग्रंथी अतिकार्यक्षम होण्याऐवजी आक्रसून निपचित पडलेल्या असतात. अशा प्राण्याला कॉर्टिसोल घटवणारे औषध देणे घातक, आणि स्टेरॉइड एका दिवसात बंद करणेही तितकेच घातक. ते पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते. म्हणून पहिल्या भेटीतच गोळ्या, इंजेक्शने, मलमे, कानात घालायचे थेंब यांची वर्षभराची यादी डॉक्टरांपुढे ठेवणे कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा मोलाचे ठरते.

घरच्या घरी करता येण्याजोगी तपासणी म्हणजे पाण्याचे मोजमाप. चोवीस तासांत वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी जात असेल, म्हणजे दहा किलोचा कुत्रा लिटरची बाटली संपवून पुन्हा मागत असेल, तर ते नैसर्गिक नव्हे. अर्थात मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार यांतही तहान वाढते. पोमेरियनचे नुसतेच केस गेले असतील आणि तहान-भूक पूर्ववत असेल, तर कारण बहुधा वेगळेच निघते. निदानासाठी डेक्सामेथासोनचा अल्प डोस देऊन आठ तासांत तीनदा रक्त घेतात, किंवा एसीटीएच टोचून त्याआधीचे व तासाभरानंतरचे कॉर्टिसोल मोजतात. सोनोग्राफीने दोन्ही ग्रंथींचा आकार कळतो.

निदान पक्के झाल्यावर आज प्रामुख्याने वापरले जाणारे औषध म्हणजे ट्रायलोस्टेन. कॉर्टिसोल तयार होण्याच्या साखळीतील एक विकर ते रोखते. गाठ मात्र तशीच राहते. म्हणजे हा रोग बरा होत नाही, आटोक्यात राहतो, आणि औषध जन्मभर चालते. हे औषध आधी माणसांसाठी होते. अमेरिकेत १९८४ साली आलेले ते मानवी औषध १९९४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले. कुत्र्यांसाठी ‘व्हेटोरिल’ या नावाने त्याला तेथील औषध प्रशासनाची मान्यता २००८ च्या डिसेंबरमध्ये मिळाली. वेष्टनावरील प्रारंभीची मात्रा किलोमागे २.२ ते ६.७ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा अशी आहे. अलीकडे अनेक पशुवैद्यक याहून कमी मात्रेने सुरुवात करतात व ती दोन वेळांत विभागतात. तहान-भूक एक-दोन आठवड्यांत ओसरते. केस परतायला मात्र कित्येक महिने लागतात; त्यापायी उतावीळ होऊन मात्रा वाढवणे हा शुद्ध आडमुठेपणा होय.

कॅप्सूल अन्नाबरोबरच द्यावी, अन्यथा ती नीट शोषली जात नाही. सुरू केल्यावर १० ते १४ दिवसांनी, पुढे चार व बारा आठवड्यांनी आणि नंतर दर तीन महिन्यांनी एसीटीएच चाचणी अपेक्षित असते. ती कॅप्सूलनंतर चार ते सहा तासांत व्हावी लागते. मुंबईत हे गणित सोपे नाही. मुलुंड किंवा बोरिवलीहून परळला जायचे असेल, तर द्रुतगती महामार्गावरची कोंडी धरून घड्याळ उलटे मोजावे लागते: सकाळी सातला खाऊ घालून कॅप्सूल दिली, तर अकरा ते एकच्या दरम्यान कुत्रा टेबलावर हवा. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयही परळलाच आहे. आपल्या भागातील दवाखाना कोणती चाचणी करतो, हे आधी फोनवर विचारलेले बरे. चाचणीनंतरचे कॉर्टिसोल डेसिलिटरला १.४५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले तर औषध थांबवतात, ९.१ च्या वर राहिले तर मात्रा वाढवतात.

खरा धोका अतिरेकाचा. कॉर्टिसोल फार घटले की सुस्ती, उलट्या, जुलाब, थरथर होते. रक्तातील सोडियम घसरून पोटॅशियम चढते आणि प्राणी कोसळू शकतो. ज्याची अनावर भूक हीच तक्रार होती, त्या कुत्र्याने ताटलीकडे पाठ फिरवली, तर ती सुधारणा नसून धोक्याची घंटा आहे. त्या दिवशी कॅप्सूल देऊ नये आणि ताबडतोब पशुवैद्यक गाठावा. पावसाने रस्ते तुंबून एखादा डोस हुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. यकृत वा मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या कुत्र्यांना हे औषध वर्ज्य आहे. घरात गर्भवती स्त्री असेल तर तिने कॅप्सूल हाताळू नये. इतरांनीही ती फोडून अन्नात मिसळू नये.

ट्रायलोस्टेनपूर्वी मायटोटेनचा जमाना होता. डीडीटी या कीटकनाशकाच्या कुळातील हे रसायन ग्रंथीचा बाह्य थरच नष्ट करते, त्यामुळे मात्रा चुकली तर नुकसान भरून निघेलच असे नाही. बुरशीवरील किटोकोनाझोलही वापरले गेले. ते यकृताला जड जाते. सेलेजिलिनला १९९७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, परंतु गुण थोड्याच कुत्र्यांना आला.

मांजरांत कुशिंग दुर्मिळ, पण अधिक कठीण. बहुतेकांना सोबत मधुमेह असतो आणि इन्सुलिन वाढवूनही साखर हटत नाही. त्वचा इतकी पातळ होते, की मानगूट धरून उचलतानाही फाटते. मांजरांसाठी ट्रायलोस्टेनची स्वतंत्र मान्यता नसली तरी तेच वापरले जाते. मात्र कॉर्टिसोल उतरू लागताच इन्सुलिनची गरजही घटते, आणि जुनीच मात्रा चालू ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाते. मांजराच्या याच ग्रंथीत कधी कॉर्टिसोलऐवजी अल्डोस्टेरॉन वाढते. तेव्हा पोटॅशियम घटून मान खाली लोंबते, रक्तदाब चढून एकाएकी अंधत्वही येते. ट्रायलोस्टेन हे त्यावरील औषध नव्हे. तेथे पोटॅशियमची पूर्तता, स्पायरोनोलॅक्टोन आणि रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन देतात. गाठ एकाच बाजूला असेल तर शस्त्रक्रियेचाही विचार होतो.