बारदेशचे मीठ आणि दर्यावरचे परवाने

इ. स. १६७१ च्या डिसेंबरात, म्हणजे राज्याभिषेकास अद्याप अडीच वर्षांचा अवकाश असताना आणि तिकडे बागलाणात मोगलांशी झुंज चालू असताना, शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस एक पत्र लिहिले. पत्राचा विषय गड नव्हे, फौज नव्हे. विषय मीठ होता. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, अंमलाखालील बारदेशात मिठागरे मोठी, मीठ मुबलक आणि भाव उतरता. त्यामुळे संगमेश्वराकडे वळणारे वाणी-उदमी आपले बैल घेऊन बारदेशाचा रस्ता धरतील, स्वराज्यातील मिठागरे ओस पडतील आणि जकातही बुडेल, हे ओळखून महाराजांनी हुकूम केला तो असा, की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी आणि ती हिशेबाने अशी बसवावी, की जकातीसह पडणारा भाव संगमेश्वरच्या निरखाहून महागच पडावा. मीठ बंद करा, असे त्यांनी लिहिले नाही. नाक्यावर अडवून उदम्यांस दंड करा, असेही लिहिले नाही. ज्या राज्यकर्त्याची कीर्ती आपण घोड्यांच्या टापांत आणि तोफांच्या आवाजात ऐकत आलो, तो येथे हातात तागडी घेऊन बसलेला दिसतो. आणि मला स्वतःला तो या पत्रात जितका निकट भासतो तितका अनेक पोवाड्यांतही भासत नाही.

या पत्राचे मर्म कळण्यास त्या काळचा दर्या डोळ्यांपुढे आणावा लागतो. फिरंग्यांनी १५१० साली गोवा घेतला. परंतु त्याच्याही आधीपासून त्यांनी हिंदी समुद्रात एक नवीनच दंडक घातला होता. तत्पूर्वी या समुद्रावर चाचे होते, तुफाने होती, बंदराबंदरांतून हशील घेणारे राजे होते. पण समुद्राच्या पाण्यावरच कोणाची मालकी आहे, असे म्हणणारा कोणी नव्हता. फिरंग्यांनी ते म्हटले, आणि म्हटले ते तोफांच्या बळावर. त्यांच्या परवान्याचे नाव कार्ताझ. त्यावर गलबताचे मान, नाखव्याचे नाव, बरोबरची माणसे, हत्यारे आणि जाण्याचे ठिकाण लिहिलेले असे. मिरे किंवा युद्धसाहित्य नेऊ नये, जाता-येता फिरंग्यांच्या बंदरात लागून जकात भरावी, अशा शर्ती असत. कार्ताझ नसलेले जहाज हाती लागले, की जहाजही गेले आणि मालही गेला. परवान्यासाठी मोजावे लागणारे पैसे थोडेच; खरा पैसा त्या बंदरातल्या जकातीत होता. शाही घराण्यातील स्त्रिया हजला निघाल्या तरी त्यांनाही या कागदाची वाट पाहात किनाऱ्यावर थांबावे लागे, इतके त्या कागदाचे माहात्म्य वाढले होते.

मात्र कागद देणाऱ्यानेच तो मोडला, तर काय होते, याचे उदाहरण १६१३ साली सुरतेजवळ घडले. जहांगीर बादशहाच्या मातेचे ‘रहीमी’ नावाचे मोठे जहाज, रीतसर कार्ताझ घेतलेले असूनही, फिरंग्यांनी धरून गोव्यास नेले. आदल्याच वर्षी सुवाळीच्या पाण्यात इंग्रजांनी त्यांची जहाजे पिटाळली होती, आणि मोगल दरबारात या नवख्या टोपीकरांकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली होती. त्यात ही आगळीक. बादशहाने फिरंग्यांचा व्यापार बंद केला, दमणेवर फौज पाठविली आणि सुरतेत इंग्रजांची वखार रुजली. इंग्रजांचा माल चांगला होता म्हणून ती रुजली, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांच्या जाड बनातीला या उष्ण देशात गिऱ्हाईक ते कितीसे असणार!

सुरत हे मोगलांचे समुद्राकडील महाद्वार. विरजी व्होरासारखे सावकार तेथे नांदत, वलंदेज (डच) व इंग्रज त्यांच्याकडून कर्जे घेत. १६६४ च्या जानेवारीत महाराजांची स्वारी आली तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, विरजीची कोठी लुटली गेली, आणि इंग्रज-वलंदेजांच्या वखारी मात्र त्यांनी स्वतःच्या बंदुकांवर राखल्या. औरंगजेबाने पुढे व्यापाऱ्यांस वर्षाची जकात माफ केली. पण व्यापाऱ्यास माफीहून अधिक निर्धास्तपणा हवा असतो, आणि तो देणे बादशहास साधले नाही. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत पुन्हा लुटली गेली. या दोन लुटींच्या मध्ये घडलेली एक गोष्ट मला लुटींइतकीच बोलकी वाटते. १६६९ साली काझीच्या धर्मजुलुमास कंटाळून सुरतेचे हजारो वाणी बायकामुले मागे ठेवून, भीमजी पारखाच्या पुढारीपणाखाली भडोचेस निघून गेले. पेढ्या बंद, टांकसाळ बंद, शहर सुनसान. इंग्रज प्रेसिडेंट जेरॉल्ड आँजिअर याजकडे त्यांनी आधी मुंबईस येण्याविषयी विचारणा केली होती. त्याने बादशहाचा रोष नको म्हणून तूर्त तसे करू नये, असाच सल्ला दिला. काही महिन्यांनी अभयाची आश्वासने मिळाल्यावर वाणी परतले. तलवार न उपसता केलेला हा संप पाहून मोगल अंमलदारांस काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

त्या वेळची मुंबई म्हणजे दलदल, ताप आणि ताडमाड. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीस वार्षिक दहा पौंड खंडाने देऊन टाकली होती. पाठीशी मुलूख नाही, घाटावर जाणारा रस्ता दुसऱ्याच्या ताब्यात, अन्नधान्य परभारे आणावयाचे. अशा बेटावर सावकाराने पैसा का गुंतवावा? आँजिअरने याचे उत्तर कागदावर लिहून दिले. १६७२ त त्याने न्यायकचेरी उघडली. आणि १६७७ साली दीवचा निमा पारख नावाचा वाणी मुंबईस येऊ लागला तेव्हा त्याच्याशी जो करार झाला, तो आजही वाचण्यासारखा आहे. निमाने काय मागितले? वखारीस फुकट जागा, धर्माचरणाची मोकळीक, आपल्या आवारात कोणी परधर्मीयाने राहू नये व जीवहत्या करू नये, आपल्या मृतांचे दहन आपल्या रीतीने करू द्यावे, चौकी-पहाऱ्याची सक्ती नसावी, घरखर्चाची दहा मण तंबाखू जकातीवाचून आणू द्यावी, आणि युद्धप्रसंग आल्यास माल, खजिना व कुटुंब ठेवण्यास किल्ल्यात जागा मिळावी. या यादीत नफ्याचा आकडा कोठेच नाही. हा मनुष्य फिरंग्यांच्या राज्यातून येत होता, जेथे त्याच्या धर्मावर इन्क्विझिशनची छाया होती. आणि तंबाखूपासून तोफखान्यापर्यंत प्रत्येक भयाचे एकेक कलम त्याने लिहून घेतले. असे असूनही, कंपनीने बादशहाशी युद्ध आरंभले तेव्हा १६८९ त जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने बेटाचा बहुतेक भाग व्यापलाच, आणि दीड लाख रुपये दंड भरून इंग्रजांना क्षमा मागावी लागली.

राजापूरची कथा याहून वेगळी. अर्जुना नदीच्या काठी, खाडीच्या टोकाला वसलेले हे बंदर. येथे इंग्रजांची वखार होती. १६६० त सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला तेव्हा वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन तोफगोळे विकून थांबला नाही, तर आपल्या निशाणाखाली स्वतः गोळे टाकावयास गेला. व्यापाऱ्याने बाजू घेतली, की त्याचा कौल संपला. पुढील वर्षी महाराजांनी राजापूर मारले, रेव्हिंग्टन कैदेत गेला आणि नुकसानभरपाईचा वाद तेरा वर्षे चालला. १६७४ त राज्याभिषेकाच्या निमित्ताने हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला तेव्हा तह झाला; भरपाई ठरली, पण तिचा बराचसा भाग रोख न देता माल आणि जकातीतील सूट यांत वळता करावयाचा होता. म्हणजे भरपाई हवी तर व्यापार करा. इंग्रजांनी आपली नाणी स्वराज्यात चालावी असे मागितले, त्यावर उत्तर मिळाले, की नाणे आपल्या धातूच्या मोलाने चालेल, ते लोकांवर लादता येणार नाही. या एका उत्तरासाठी तरी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने रायगड चढावा.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात सावकार ही राज्याची शोभा म्हटली आणि टोपीकरांना मात्र त्यातून वेगळे काढले, कारण त्यांच्यामागे एकेक राजा उभा आहे. त्यांना येऊ द्यावे, उदीम करू द्यावा, पण समुद्राकाठी जागा देऊ नये, हा पंतांचा आशय. मुंबईचा किल्ला वाढत होता आणि पंत हे लिहीत होते.

कान्होजी आंग्र्यांनी फिरंग्यांचीच रीत उचलली. आपले दस्तक घेतल्याशिवाय कोकणच्या पाण्यात गलबत जाऊ देणार नाही, असे सरखेलांनी म्हणताच, ज्यांचे परवाने आजवर कायदा म्हणून चालत होते त्यांनी त्यांना चाचा ठरविले. १७२१ त इंग्रज व फिरंगी मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवीत परतले. पुढे घरातच फूट पडली. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीना, म्हणून पेशव्यांनी इंग्रजांचे आरमार बोलावले; १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनच्या गोळ्यांनी पेट घेतलेल्या एका गलबतावरून आग दुसऱ्यावर गेली आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांच्या गुराबा, गलबते सगळी पाण्याच्या पातळीपर्यंत जळाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यास तह झाला: विजयदुर्ग पेशव्यांकडे, बाणकोट इंग्रजांकडे, आणि त्यात एक कलम असे, की वलंदेजांनी मराठ्यांच्या मुलखात उदीम करू नये.