सरावाचे कागद

चित्रकलेचा वर्ग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेतला तास आठवतो. समोर तांब्या ठेवायचा, आधी त्याची कड काढायची, मग उजेड कुठून येतो ते बघून सावली भरायची. दगड खडबडीत दिसला पाहिजे, काच गुळगुळीत. मग मास्तर बाकाशी येणार, कागदावर बोट ठेवून म्हणणार, ''इकडची बाजू बघ जरा. खरंच एवढी काळी आहे?'' आपण खोडरबर उचलायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. असे सरावाचे कागद कोणी जपून ठेवत नाही. वर्ष संपलं की ते रद्दीत जातात. पण असेच काही हजार कागद दोन सुटकेसींमधून वाचले आणि आज ते जगाचा ठेवा झाले आहेत. त्यांची हकिगत सांगायची तर आधी जर्मनीतल्या वायमार गावी जावं लागेल.

१९१९ साली, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांनी तिथं बाउहाउस नावाची कलाशाळा काढली. तिथल्या पायाभूत वर्गाची जबाबदारी त्यांनी योहानेस इटेन या स्विस चित्रकाराकडे दिली. इटेन मुळात प्राथमिक शाळेतले शिक्षक. त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांतले काही जण थेट रणांगणावरून परतलेले होते. अशा मुलांना त्यांनी पहिल्याच दिवशी महान चित्रांच्या नकला करायला बसवलं नाही. आधी श्वासाचे आणि शरीराचे व्यायाम, मग हाताचे. वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. काळं आणि पांढरं, मोठं आणि लहान, खरखरीत आणि मऊ. झाडाची साल, लाकूड, लोकर, केस अशा वस्तू बोटांनी चाचपायच्या. स्पर्श मनात पक्का बसला की वस्तू बाजूला ठेवून आठवणीतून तिचा पोत कागदावर उतरवायचा. काटेरी फूल काढायचं तर ते बोचतं कसं, हे आधी स्वतःला जाणवलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आणि नंतर तपासणी. कागद समोर लावायचे आणि त्यांच्यावर बोलायचं. हा वर्ग साधारण सहा महिन्यांचा असे. त्या काळात केलेलं काम पाहून मगच विद्यार्थ्याला पुढच्या कार्यशाळेत घ्यायचं की नाही, हे ठरे. पुढे ग्रोपियस यांच्याशी मतभेद झाल्यानं इटेन १९२३मध्ये शाळा सोडून गेले. पण त्यांनी घालून दिलेली पायाभूत वर्गाची कल्पना टिकली आणि जगभरच्या कलाशाळांत पसरली. आपल्याकडेही या मंडळींची ओळख लवकर झाली. डिसेंबर १९२२मध्ये कोलकात्याच्या प्रदर्शनात इटेन, क्ले, कँडिन्स्की यांची चित्रं लागली होती.

इटेन यांच्या विद्यार्थ्यांत फ्रीडल डिकर नावाची एक मुलगी होती. जन्म व्हिएन्नाचा, १८९८चा. व्हिएन्नातल्या इटेन यांच्या खासगी शाळेत ती शिकली आणि त्यांच्याबरोबरच वायमारला आली. पुढे तिनं कापड विणलं, फर्निचर आणि घरांच्या अंतर्भागाची रचना केली, रंगभूमीसाठी काम केलं. डाव्या राजकारणामुळे १९३४मध्ये तिला अटक झाली. सुटल्यावर ती प्रागला गेली आणि तिथं निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागली. १९३६मध्ये पावेल ब्रँडाइस यांच्याशी तिचं लग्न झालं.

फ्रीडल ज्यू होती. डिसेंबर १९४२मध्ये तिची आणि पावेलची रवानगी टेरेझिनला झाली. हे बोहेमियातलं एक जुनं किल्लेवजा गाव. नाझींनी तिथल्या लष्करी बराकींमध्ये हजारो ज्यूंना कोंडलं होतं. सुमारे ३३ हजार माणसं तिथंच भुकेनं आणि रोगराईनं मेली. त्याहून कितीतरी अधिक माणसांना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांमध्ये पाठवण्यात आलं. बरोबर मोजकंच सामान नेता येत होतं. त्या सामानात फ्रीडलनं चित्रकलेचं साहित्य भरलं.

टेरेझिनमध्ये मुलांना रीतसर शाळा शिकवायला बंदी होती. चित्रकलेकडे मात्र डोळेझाक होई. मुलींच्या वसतिगृहात फ्रीडलचे वर्ग भरू लागले. कागद कमी, म्हणून कचेरीतले जुने फॉर्म आणि वेष्टनांचे तुकडे वापरले जात. कागद फाडून, चिकटवूनही चित्रं होत. सराव मात्र वायमारचाच. ती लय सांगे आणि मुलं त्या लयीत रेघा ओढत. उजेड आणि अंधार, जाड आणि बारीक, समोरच्या साध्या वस्तू. उपाशी, भेदरलेल्या मुलाला नागमोडी रेघा कशाला काढायला लावायच्या, असं कुणालाही वाटेल. पण रेघ ओढताना हात आपला असतो आणि ती कुठं वळवायची, हे आपणच ठरवतो. त्या मुलांच्या हाती दिवसभरात त्यांनी स्वतः ठरवावं असं दुसरं फारसं काही उरलं नव्हतं.

१९४३मध्ये टेरेझिनमध्येच तिनं मुलांच्या चित्रांवर एक व्याख्यान दिलं. मोठ्यांना मुलांना आपल्यासारखं करून टाकायची घाई असते, आपल्या सौंदर्याच्या कल्पना त्यांच्यावर लादू नयेत, असा तिचा रोख होता. मी कवितेच्या वाटेनं आलेला माणूस. उर्दू शायरीत उस्ताद शागिर्दाच्या ओळीवर इस्लाह करतो, म्हणजे ओळ दुरुस्त करून देतो. शब्द बदलला की शेर सुधारतो, पण कधी कधी त्यात शागिर्द हरवतो. फ्रीडलची इस्लाह वेगळ्या जातीची होती. मुलाचं चित्र मुलाचंच राहिलं पाहिजे, ही तिची अट होती.

आणखी एक गोष्ट ती न चुकता करून घेई. प्रत्येक चित्रावर मुलानं आपलं नाव लिहायचं. टेरेझिनला येणाऱ्या माणसाला गाडीच्या यादीतला एक क्रमांक मिळत असे. फ्रीडलच्या वर्गात त्याला पुन्हा नाव मिळे.

सप्टेंबर १९४४च्या अखेरीस पावेलला तिथून हलवण्यात आलं. त्याच्यामागून जाण्यासाठी फ्रीडलनं आपण होऊन नाव दिलं, असं सांगतात. ६ ऑक्टोबरला तिची गाडी आउशविट्झकडे निघाली आणि तिथं तिला मारण्यात आलं. पावेल मात्र वाचला. जाण्याआधी तिनं मुलांची चित्रं दोन सुटकेसींमध्ये भरून ठेवली होती. युद्ध संपल्यावर, १९४५मध्ये, मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोग यांनी ती प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचवली. सुमारे साडेचार हजार चित्रं. ज्यांनी ती काढली, त्यांतली बहुतेक मुलं जिवंत राहिली नाहीत.

आज हा संग्रह प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहे. त्यातली काही पानं म्हणजे चित्रंसुद्धा नाहीत. नुसत्या वळणदार रेघा, नुसता सराव आणि कोपऱ्यात एक नाव. त्यांतल्या कित्येक मुलांची तेवढीच खूण मागे राहिली आहे. फ्रीडलची एक शिष्या ईडिथ क्रेमर १९३८मध्ये अमेरिकेला पोचली होती. दुखावलेल्या मुलांना चित्रकलेतून सावरण्याचं शास्त्र तिकडे उभं करण्यात तिचा मोठा वाटा आहे. म्हणजे वायमारचा तो सराव टेरेझिनमध्ये संपला नाही.

आपल्या घरातलं मूल सरावाचा कागद घेऊन समोर येतं तेव्हा आपण वर्तमानपत्रातून डोके न काढता ''छान आहे'' म्हणतो आणि कागद परत देतो. तसं करू नये. कागद हातात घ्यावा, उजेडात धरावा. ही कड अशी का काढलीस, हे मऊ आहे की खरखरीत, कुठं अडलास, असं विचारावं. पेन्सिल मात्र त्याच्याच हातात राहू द्यावी. आणि खाली नाव लिहायला सांगावं, तारखेसकट.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)