कात, हिरडा आणि जाणकार कोण?
(पिंगळी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. रानात फिरणारे गुराखी, मेंढपाळ आणि इतर वनवासी औषधींना नावाने आणि रूपाने ओळखतात. पण तेवढ्याने कोणी जाणकार होत नाही. वनस्पतीचा ‘योग’, म्हणजे तिचा वापर कुठे आणि कसा करायचा, हे ज्याला कळतं तो खरा जाणकार. म्हणजे ओळख रानातल्या माणसाकडे आणि शास्त्र वैद्याकडे, अशी ही वाटणी झाली. ती खरी आहे का? सह्याद्रीतल्या दोन शेजारी समाजांचा इतिहास आज आपण बघू.

आपण गोदाकाठची, सपाटीवरची माणसं. विड्याला कात लागतो, त्रिफळाचूर्णात हिरडा लागतो. दोन्ही आपण दुकानातून आणतो. पण कात काही झाडाला लागत नाही, बरं का! खैर तोडायचा, त्याच्या गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या उकळायच्या, पाणी आटवायचं आणि घट्ट झालेल्या अर्काच्या वड्या पाडायच्या. कोणत्या झाडाचा गाभा भरलाय, अर्क कधी उतरवायचा, हे हाताला आणि डोळ्याला कळावं लागतं. याला ‘योग’ नाही तर काय म्हणायचं? ठाणे-रायगडच्या डोंगरात हे काम करणाऱ्या समाजाचं नावच कातकरी, किंवा काथोडी, पडलं.

त्यांच्या वरच्या अंगाला, जुन्नर-आंबेगाव-अकोल्याच्या डोंगरात, महादेव कोळी राहतात. त्यांचं झाड हिरडा. फळात बी टणक होण्याआधी ते काढून वाळवलं की बाळहिरडा होतो. पिकू दिलं तर तेच फळ कातडी कमावायच्या आणि रंगाच्या कामाला जातं. फळ एकच, पण वेळ बदलली की उपयोग बदलला. हेही नुसतं नाव-रूप नव्हे.

आता इतिहास काय सांगतो? १८७८ साली इंग्रज सरकारने वन कायदा केला आणि राखीव जंगलं आखली. खैर सरकारचा झाला. काल जे कसब होतं, ते आज चोरी ठरलं! कातकऱ्यांकडे स्वतःची जमीन जवळजवळ नव्हतीच. ते कोळशाच्या भट्ट्यांवर आणि पुढे वीटभट्ट्यांवर गेले. समाजाचं नाव राहिलं, कात गेला.

महादेव कोळ्यांचं थोडं वेगळं झालं. त्यांचे बरेच हिरडे मालकीच्या रानात आणि बांधावर होते, म्हणून हंगाम चालू राहिला. ती जमीनही आयती टिकली नाही. सावकारशाहीविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली, हे विसरून चालणार नाही.

डोंगर तोच, शेजारही तोच. मग एकाचं कसब टिकलं आणि दुसऱ्याचं का गेलं? बुद्धीत फरक होता म्हणून नाही. एकाच्या हाताला झाड राहिलं, दुसऱ्याच्या हातून ते काढून घेतलं. तत्त्वज्ञानात आम्ही ज्ञान मनात असतं की ग्रंथात, यावर वाद घालतो. हा इतिहास सांगतो की काही ज्ञान करण्यात असतं. करायला बंदी झाली की एक-दोन पिढ्यांत ते संपतं.

याची उलट बाजूही आहे. अलीकडे शहापूर भागातल्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून औषध कंपन्यांना विकायला सुरुवात केली. वाट मिळाली की जाण कामाला येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरची मालकी आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क, दोन्ही मान्य केले आहेत. कागदावर हे मोठं पाऊल आहे. पण दावा मंजूर होऊन माणूस झाडापर्यंत पोचला, तरच त्याला अर्थ.

चरकाने जाणकाराची कसोटी बरोबर सांगितली, असं मला वाटतं. त्या कसोटीवर डोंगरातली माणसं उतरतात. आपण त्यांना नुसतं ‘गोळा करणारे’ म्हणत आलो. पुढच्या वेळी वनौषधींची यादी कोणी तुमच्यापुढे ठेवली, तर एवढंच विचारा: हे ज्यांनी सांगितलं, त्यांना त्या रानात आज जाता येतं का?