मुलांचा छळ : शाळेच्या अंगणापासून पडद्यापर्यंत

चार मुलांनीं मिळून पांचव्यास छळावें, ही गोष्ट शाळेइतकीच जुनी असावी. ‘पोरें भांडायचींच’ असें म्हणून वडील मंडळी तिजकडे दुर्लक्ष करीत आली. या समजुतीस शास्त्रीय पुराव्यानें धक्का दिला तो दान ओल्वेउस या मूळच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनीं. १९७० नंतरच्या दशकांत त्यांनीं शाळकरी मुलांची पद्धतशीर पाहणी केली व छळाचीं तीन लक्षणें सांगितलीं : दुखविण्याचा हेतु, पुनरावृत्ति, आणि दोन पक्षांच्या बळांतील विषमता. बरोबरीच्यांचें भांडण हा छळ नव्हे; ज्यास प्रतिकार करतां येत नाहीं त्याला वारंवार गांजणें, हा छळ होय.

१९८२ सालीं उत्तर नॉर्वेंत तीन मुलांनीं आत्महत्या केली. सोबत्यांचा जाच हेंच तिचें कारण असावें, असें दिसून येतांच राष्ट्र हादरलें. १९८३ मध्यें सरकारनें देशव्यापी मोहीम हातीं घेतली. बर्गेन येथील ४२ शाळांतील सुमारें २,५०० मुलांमध्यें ओल्वेउस यांनीं तिचे परिणाम तपासले. मधल्या सुट्टींत शिक्षकांची देखरेख, वर्गांत ठरविलेले स्पष्ट नियम, आणि दोन्ही बाजूंच्या मुलांशीं व पालकांशीं बोलणें, हा योजनेचा गाभा. दोन वर्षांच्या आंत छळाचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचें त्यांस आढळलें. छळ अटळ नसून मोठ्यांच्या दक्षतेनें आवरतां येतो, हें त्यावरून दिसलें. महाराष्ट्रानेंही १९९९ सालीं रॅगिंगविरुद्ध कायदा केला.

परंतु इंटरनेट व मोबाइल आल्यावर शाळेची भिंतच नाहींशी झाली. पूर्वीं घंटा वाजली कीं मूल घराच्या आश्रयास येई; आतां निंदा त्याच्या उशापर्यंत येते. छळणारा नांव लपवितो. आणि त्यानें एकदां टाकलेलें चित्र परके लोकच पुनःपुन्हां पसरवितात.

असें मूल एकाएकीं अबोल होतें, फोन वाजतांच दचकतें, शाळा चुकवूं लागतें. त्या वेळीं फोन हिरावून घेणें हा उपाय नव्हे. त्याच भीतीनें पुष्कळ मुलें बोलत नाहींत. प्रथम ऐकून घ्यावें. दोष त्याचा नाहीं, हें सांगावें. उलट उत्तर न देतां संदेशांच्या प्रती जपून ठेवाव्या, मग छळणाऱ्याची वाट बंद करावी, शाळेस कळवावें, आणि धमकी असल्यास पोलिसांकडे जावें. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

बर्गेनच्या शिक्षकांनीं कांहीं अपूर्व केलें नव्हतें. ते मुलांच्या मध्यें जाऊन उभे राहिले, इतकेंच. पडद्यावर तसें उभें राहतां येत नसलें, तरी मूल बोलूं लागेल तेव्हां त्याच्याजवळ बसतां येतें.